चॅट्सवर्थ: वसंतातली बाग आणि जुन्या वाड्याची डागडुजी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये फेब्रुवारी संपत आला की एक विषय हमखास निघतो. एप्रिल-मे महिन्यात भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार असतात. लंडन तर दाखवायचंच, पण "इथला एखादा खरा जुना वाडा आणि बाग दाखव" अशी फर्माईशही असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ. त्यावर पुढचे प्रश्न येतात आणि ते साधारण तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे. झाडं आणि जुन्या इमारती या दोन्हींवर माझा जीव आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

चॅट्सवर्थ म्हणजे नेमकं काय? राजवाडा की किल्ला?

दोन्ही नाही. कॅव्हेंडिश या सरदार घराण्याचं हे गावाकडचं घर. घराण्याच्या प्रमुखाला ड्यूक ऑफ डेव्हनशायर म्हणतात. सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची पत्नी बेस ऑफ हार्डविक यांनी १५४९ मध्ये ही जागा ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ पासून बांधकाम सुरू केलं. स्कॉटलंडची राणी मेरी नजरकैदेत असताना तिला अनेकदा इथे ठेवलं होतं. ते मूळ घर आज दिसत नाही. १६८७ ते १७०७ या काळात पहिल्या ड्यूकने एकेक बाजू पाडत नवं घर उभं केलं, आणि आज आपण पाहतो ते मुख्यतः हेच. मागच्या टेकडीवरचा हंटिंग टॉवर मात्र बेसच्या काळातला आहे.

घरासमोरून डर्वेंट नदी वाहते, पलीकडे मेंढ्या चरत असतात, मागे झाडीची टेकडी आहे. पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हे सगळं येतं.

वसंत म्हणजे नेमका कधी? कोणत्या महिन्यात काय फुलतं?

आपल्याकडे पळस-पांगारा पेटतो तेव्हा इथे अजून अंगावर जाड कोट असतो. इथला वसंत हळूहळू, टप्प्याटप्प्याने येतो आणि डर्बीशायरच्या टेकड्यांवर तर दक्षिण इंग्लंडपेक्षा उशिराच. तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात, तरी क्रम ठरलेला आहे.

फेब्रुवारीत स्नोड्रॉप. पांढरी, खाली मान घातलेली बोटभर उंचीची फुलं, पण झाडांच्या बुंध्यापाशी शेकड्यांनी उगवली की पानगळीने काळवंडलेली जमीन एकदम उजळते. मार्चमध्ये डॅफोडिल सुरू होतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत राहतात. एप्रिलच्या उत्तरार्धात ट्युलिपचा जोर असतो. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत टेकडीवरच्या स्टँड वूडमध्ये ब्लूबेल फुलतात. मे महिना ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलियाचा. बागेच्या वरच्या अंगाला ऱ्होडोडेंड्रॉनची एक घळच आहे. उत्तराखंडात बुरांश पाहिलेल्यांना ही फुलं लगेच ओळखीची वाटतात, कारण ब्रिटनमधल्या अनेक बागांत वाढलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनचं मूळ हिमालयात आहे.

एकच आठवडा निवडायचा असेल तर मी मेचा पहिला आठवडा निवडेन. शेवटचे ट्युलिप, पहिले अझेलिया, जंगलात ब्लूबेल आणि बीचच्या झाडांना फुटलेली कोवळी पोपटी पालवी, हे सगळं एकाच फेरीत मिळतं. त्या पालवीतून येणारा उजेड दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही. फक्त मेच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, त्या लांब सुट्टीत गर्दी फार होते. मधला मंगळवार-बुधवार गाठा.

मार्चच्या सुरुवातीला गेलो तर काहीच दिसणार नाही का?

दिसेल, आणि जे दिसेल ते बहुतेक पाहुणे चुकवतात: कॅमेलिया. घराकडून तबेल्यांच्या दिशेने उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं एक काचेचं लांबट घर आहे. त्याला 'कन्झर्व्हेटिव्ह वॉल' म्हणतात. मूळची ही नुसती भिंत. १८३८ मध्ये तिच्या आतून धुराडी फिरवून ती उबदार ठेवायची सोय केली, म्हणजे तिला टेकलेली नाजूक झाडं थंडीत जगतील. पुढे १८४८ मध्ये पुढून काच लावली. तिथे 'कॅप्टन रॉज' या जातीची कॅमेलिया रेटिक्युलाटाची झाडं आहेत, १८५० च्या सुमारास लावलेली. म्हणजे १८५७ चा उठाव झाला तेव्हा ही झाडं तिथे होती आणि आजही फुलतात. जवळ जाऊन पाहा: गडद गुलाबी फूल तळहाताहून मोठं, पाकळ्यांच्या कडा नागमोडी, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. फूल कोमेजत लोंबत नाही, अख्खंच्या अख्खं गळून पडतं. त्यामुळे फुलण्याच्या दिवसांत फरशीवर ताजी दिसणारी फुलं पसरलेली असतात.

मात्र थंडीत घर काही आठवडे बंद असतं आणि साधारण मार्चच्या मध्याला पुन्हा उघडतं. निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर तारखा बघा. घर बंद पण बाग उघडी, असेही दिवस असतात.

ही बाग केली कोणी?

एका माणसाचं नाव घेता येणार नाही. पहिल्या ड्यूकच्या काळात ती फ्रेंच पद्धतीची, आखीवरेखीव होती. १७०२ मध्ये खोदलेला लांब कालवा आणि पायऱ्यांचा धबधबा या त्या काळातल्या खुणा. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर चौथ्या ड्यूकने बागरचनाकार 'केपेबिलिटी' ब्राऊनला बोलावलं. त्याने आखीव वाफे मोडून मोकळं गवत, उतार आणि झाडांचे पुंजके केले. समोरचं कुरण इतकं नैसर्गिक वाटतं की ते कोणी घडवलंय हे सांगूनही पटत नाही. त्या काळच्या सॅलिसबरी लॉनला आजवर खत किंवा तणनाशक घातलेलं नाही, नुसतं कापतात. त्यामुळे त्यात शेवाळ, छोटी रानफुलं, अनेक तऱ्हेचं गवत एकत्र नांदतं. वाकून बघावं असं ते लॉन आहे.

आणि मग जोसेफ पॅक्स्टन. शेतकऱ्याचा मुलगा. १८२६ मध्ये सहाव्या ड्यूकने त्याला मुख्य माळी म्हणून नेमलं तेव्हा तो २३ वर्षांचाही झाला नव्हता. पुढच्या तीस वर्षांत त्याने देशोदेशींच्या वृक्षांचा संग्रह उभा केला, प्रचंड शिळा रचून रॉक गार्डन केलं, कारंजं उभारलं आणि काचघरं बांधली. त्यांतल्या एका काचघरात १८४९ मध्ये ॲमेझॉनमधलं राक्षसी कमळ ब्रिटनमध्ये प्रथम फुललं. त्याचं पान इतकं भक्कम की पॅक्स्टनने आपल्या लहान मुलीला त्यावर उभं केलं. या काचघरांच्या अनुभवावर त्याने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसचा आराखडा केला. एक माळी जगातल्या सर्वांत गाजलेल्या इमारतींपैकी एक घडवतो, ही गोष्ट मला नेहमी फार मोठी वाटते.

जुन्या चित्रांत एक भलंमोठं काचघर दिसतं. ते कुठे आहे?

पाडलं. 'ग्रेट कन्झर्व्हेटरी' १८३६ ते १८४० च्या सुमारास बांधलं गेलं. लांबी २७७ फूट, उंची ६७ फूट. आतून घोडागाडी जाईल एवढा रस्ता होता. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा हजारो दिव्यांच्या उजेडात तिला त्यातून गाडीने फिरवलं. कोळसा भुयारातून, रुळांवरच्या गाड्यांनी यायचा, म्हणजे धूर आणि काजळी पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, माणसं मिळेनात, उष्ण प्रदेशातली झाडं थंडीने मेली. १९२० मध्ये सुरुंग लावून ते उडवलं. आज त्याच्या दगडी पायाच्या आत १९६२ मध्ये लावलेला यू झाडांचा भूलभुलैया आहे. मुलांना तिथे खेळायला सोडा, पण त्यांना सांगा की आपण एका नाहीशा झालेल्या इमारतीच्या आत उभे आहोत.

जळगावच्या केळ्याचा आणि या वाड्याचा संबंध खरा आहे का?

नावाचा संबंध अगदी खरा आहे. आज जगाच्या बाजारात जाणारं पिवळं केळं बहुतांशी 'कॅव्हेंडिश' गटातलं असतं, आणि ते नाव याच घराण्याचं. १८३० च्या सुमारास पॅक्स्टनने मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेलं केळीचं एक बुटकं रोप मिळवलं. काचघरात भरपूर पाणी, सुपीक माती आणि ऊब देऊन त्याने ते वाढवलं. नोव्हेंबर १८३५ मध्ये त्याला केळफूल आलं, पुढच्या वसंतात घड भरला. मालकाच्या आडनावावरून त्याचं नाव 'म्युसा कॅव्हेंडिशी' ठेवलं गेलं. पुढे एका मिशनऱ्याबरोबर त्याची रोपं सामोआ बेटांवर पोहोचली आणि तिथून पॅसिफिकमध्ये पसरली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीत 'ग्रो मिशेल' या जातीचं राज्य होतं. पनामा रोग नावाच्या बुरशीने त्या बागा बसवल्या, आणि त्या रोगाला तोंड देणाऱ्या कॅव्हेंडिशने तिची जागा घेतली. आपल्या खानदेशातली बसराई, श्रीमंती आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडची जी-नाईन, याच गटातल्या. म्हणून जळगावचं केळं चॅट्सवर्थहून आलं असं कोणी सांगितलं तर मात्र मान डोलवू नका. झाड आशियातलं, आपल्याकडच्या मातीत आधीपासून रुळलेलं. चॅट्सवर्थने त्याला नाव दिलं आणि जगभर पोहोचायला एक वाट करून दिली.

रावेर-यावलकडच्या एखाद्या आजोबांना घेऊन जात असाल तर ही गोष्ट काचघरापाशीच सांगा. माझ्या ओळखीचे एक केळीबागायतदार पाहुणे हे ऐकून इतके रंगले की बागेतल्या माळ्याला त्यांनी ठिबक आणि खोडव्याचं पूर्ण गणित समजावून सांगितलं. मुलगा भाषांतर करत होता आणि माळी मन लावून ऐकत होता.

भारतातून आणखी काही झाडं तिथे गेली का?

गेली, आणि त्यासाठी खास माणूस पाठवला होता. पॅक्स्टनच्या हाताखालचा तरुण माळी जॉन गिब्सन १८३५ मध्ये निघाला. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून तो खासी टेकड्यांत चेरापुंजीकडे गेला आणि ऑर्किडचा मोठा साठा घेऊन १८३७ मध्ये परतला. ड्यूकचा जीव मात्र एका झाडात अडकला होता: ब्रह्मदेशातलं 'अम्हर्स्टिया', आपण ज्याला उर्वशी म्हणतो ते. गिब्सनने ते जिवंत नेलं, पण चॅट्सवर्थला ते कधी फुललं नाही. इंग्लंडात त्याला पहिल्यांदा फुलं आली ती १८४९ मध्ये, ईलिंगमधल्या दुसऱ्याच एका बागेत. मुंबईकरांना एवढा खटाटोप नको, राणीच्या बागेत उर्वशी आहे. लाल-गुलाबी फुलांचे लोंबणारे झुंबरासारखे घोस एकदा पाहिले की त्या ड्यूकची तळमळ समजते.

घराची डागडुजी केली म्हणजे नेमकं काय केलं?

दहा वर्षांहून जास्त काळ चाललेलं एक मोठं काम २०१८ मध्ये संपलं. खर्च तीन कोटी पौंडांच्या वर. त्यातला बराच भाग पाहुण्यांना कधी दिसतच नाही: विजेच्या तारा, पाण्याचे नळ, गरम पाण्याची यंत्रणा, छतावरचं शिसं. पण इमारत जगते ती या न दिसणाऱ्या कामावर. छतातून एक थेंब आत आला की खालची तीनशे वर्षांची चित्रं, लाकूड, गालिचे धोक्यात येतात.

दिसणारं काम दगडाचं. हे घर स्थानिक वालुकाश्माचं, पिवळसर-मधाळ रंगाचं. पण कोळशाच्या धुराने ते काळंकुट्ट झालं होतं. साफसफाई करताना दगडाचा वरचा कणखर थर न खरवडता फक्त काजळी काढायची असते, म्हणून हे काम संथ चालतं. जिथे दगड झिजला होता, कोरीव पानाफुलांची टोकं गळाली होती, तिथे नवा दगड बसवला. तो आणला इस्टेटीतल्याच बर्नटवुड खाणीतून, ती त्यासाठी पुन्हा सुरू केली. त्याच जातीचा दगड, म्हणून पाऊस आणि थंडी तो जुन्या दगडासारखीच सोसतो, कालांतराने रंगही जुळतो. बाहेरून फिरताना पश्चिमेकडच्या भिंतीपाशी थांबा आणि कोरीव पट्ट्यांवर नजर फिरवा. जुन्या तुकड्याच्या कडा बोथट झालेल्या दिसतात, नव्याच्या कडेवर सावली धारदार पडते. मधला सांधा इतका बारीक असतो की तो शोधावा लागतो.

खिडक्यांच्या चौकटींवर सोन्याचा वर्ख आहे. हा थाट आहेच, पण त्यात व्यवहारही आहे: सोनं गंजत नाही आणि बाहेरच्या हवेत नीट चढवलेला वर्ख साध्या रंगापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. संध्याकाळचं ऊन पश्चिमेच्या बाजूवर येतं तेव्हा नदीपलीकडून बघा.

एवढा पैसा आला कुठून? सरकारकडून?

हा भाग समजून घेण्यासारखा आहे, कारण हे घर विकलंच जायचं होतं. नोव्हेंबर १९५० मध्ये दहावे ड्यूक अचानक वारले. मालमत्ता मुलाच्या नावे करण्याची कायदेशीर मुदत पुरी व्हायला थोडेच आठवडे बाकी होते. त्यामुळे ८० टक्के वारसा कर लागला. तो फेडायला हजारो एकर जमीन, मौल्यवान चित्रं आणि पुस्तकं द्यावी लागली. बेसने बांधलेला दुसरा वाडा, हार्डविक हॉल, तोही करापोटी गेला आणि जुनी घरं-बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. कर्जफेड १९७४ पर्यंत चालली.

अकरावे ड्यूक अँड्र्यू आणि त्यांची पत्नी डेबोरा यांनी घर सोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धात मुलींची एक शाळा इथे हलवली होती, त्यानंतर वर्षानुवर्षं बंद पडलेल्या खोल्या त्यांनी पुन्हा राहत्या केल्या. डेबोरा यांनी इस्टेटीतल्या मालाचं दुकान, लहान मुलांसाठी फार्मयार्ड अशा गोष्टी सुरू करून घराला स्वतःच्या पायावर उभं केलं. १९८१ मध्ये घर आणि बाग सांभाळायला एक धर्मादाय ट्रस्ट स्थापन झाला. तुमच्या तिकिटाचा पैसा त्या ट्रस्टकडे जातो. तिकीट स्वस्त नाही, हे मान्य. पण ते कशावर खर्च होतं हे इथे डोळ्यांनी दिसतं, आणि मला ते देताना कधी जड गेलं नाही.

पायऱ्यांचा धबधबा सुरू असतो का?

जाण्याआधी हे जरूर तपासा. त्यालाच कॅस्केड म्हणतात. १६९६ मध्ये ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञाने तो पहिल्यांदा बांधला, नंतर तो वाढवला आणि १७०३ च्या सुमारास वरच्या टोकाला वास्तुकार टॉमस आर्चरने आराखडा केलेलं छोटं घर आलं. उतारावरून २४ टप्प्यांनी पाणी खाली येतं. प्रत्येक टप्प्याची उंची आणि दगडाचा पोत वेगळा ठेवला आहे, त्यामुळे पाण्याचा आवाजही टप्प्यागणिक बदलतो. पाणी वाहत असेल तर कडेच्या गवतावरून हळूहळू चढत जा आणि ऐका: खाली संथ खळखळ, मध्येच कुठे पातळ सळसळ, वर गेलं की भरदार कोसळणं. ज्यांनी हे केलं त्यांनी दगडातून स्वर काढायचा विचार केला होता.

तीनशे वर्षांत त्याच्या सांध्यांमधून पाणी जमिनीत झिरपू लागलं आहे आणि त्याच्या मोठ्या दुरुस्तीची योजना आखली गेली आहे. पाणी वाहणारी वास्तू दुरुस्त करणं हे कोरड्या भिंतीपेक्षा अवघड असतं. गळती नेमकी कुठे आहे हे वरून कळत नाही, दगड उचलून पाहावं लागतं. उचललेला प्रत्येक दगड क्रमांक टाकून त्याच जागी परत बसवायचा, कारण एक दगड इकडचा तिकडे झाला तर पाण्याची चाल बदलते. त्यात भर म्हणजे हवामान. डर्बीशायरमध्ये अलीकडे उन्हाळे कोरडे जातात, टेकडीवरच्या तळ्यांत पाणी कमी पडतं, आणि गळका धबधबा ते वाया घालवतो. म्हणून तो कोरडा दिसला तर चिडू नका.

कारंजं खरंच पंपाशिवाय उडतं?

हो. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येणार म्हणून १८४४ मध्ये पॅक्स्टनने हे 'एम्परर' कारंजं केलं. टेकडीवर आठ एकरांचं तळं खोदलं, रात्री दिवे लावून काम केलं आणि सहा महिन्यांत पुरं केलं. तळ्यातलं पाणी नळातून खाली उतरतं आणि नुसत्या दाबाने वर उडतं. विक्रमी उंची २९६ फूट. झार आलाच नाही, नाव मात्र राहिलं. वारा जोरात असेल किंवा पाणी कमी असेल तेव्हा ते बंद ठेवतात. त्याच दाबावर १८९३ मध्ये टर्बाइन बसवून घरासाठी वीजही केली होती. ती १९३६ पर्यंत चालली आणि १९८८ मध्ये नवं टर्बाइन बसवलं.

बागेतही काही नवं झालं आहे की सगळं जुनंच?

बरंच नवं आहे. रचनाकार टॉम स्टुअर्ट-स्मिथ यांच्या देखरेखीखाली रॉक गार्डनची लागवड बदलली आणि वर, जंगलाच्या बाजूला, पूर्वी दुर्लक्षित असलेल्या सुमारे १५ एकरांत 'आर्केडिया' नावाची झाडीतली मोकळी दालनं केली. वसंतात मी तिथेच सर्वांत जास्त रमतो. डॅन पिअर्सन यांनी २०१५ च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये चॅट्सवर्थच्या ओढ्यावर आधारलेली बाग मांडली होती आणि तिला सर्वोच्च मान मिळाला. त्यातले दगड आणि झाडं नंतर इथे ट्राउट स्ट्रीमच्या काठी आणून लावली. त्या ओढ्याकाठी एप्रिल-मेमध्ये ओलसर जागेतली प्रिम्युला आणि नेच्यांची गुंडाळलेली कोवळी टोकं पाहायला विसरू नका.

परांची बांधलेली असेल तर जाण्यात काही अर्थ आहे का?

मी तर मुद्दाम जाईन. झाकलेल्या भिंतीमागे गवंडी छिन्नी-हातोड्याने काम करताना दिसला तर तुम्हाला तिकिटात जास्तच मिळालं असं समजा. हे घर १६८७ पासून सतत पाडलं, वाढवलं, दुरुस्त केलं गेलं आहे. काम चालू असणं ही त्याची नेहमीची अवस्था आहे. तिथली माणसं प्रश्नांना मनापासून उत्तरं देतात, बिनधास्त विचारा.

नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्वाचं कार्ड चालतं का?

नाही. चॅट्सवर्थ नॅशनल ट्रस्टचं नाही. हार्डविक हॉलला ते कार्ड चालतं, तो गाडीने फार लांब नाही.

कसं जायचं?

लंडनच्या सेंट पँक्रासहून चेस्टरफील्डला थेट रेल्वेगाडी आहे, साधारण दोन तासांची. पुढे बस किंवा टॅक्सी. शेफील्डहून बेकवेलकडे जाणाऱ्या बसनेही जाता येतं. लेस्टर, नॉटिंगहॅम, मँचेस्टरकडून येणारे बहुतेक गाडीनेच येतात. चालायची हौस असेल तर बास्लो गावात उतरून नदीकाठच्या कुरणातून चालत या. कुरणात फिरायला तिकीट लागत नाही, आणि घर हळूहळू नजरेसमोर येतं ते याच वाटेने.

आईचे गुडघे दुखतात, मुलं लहान आहेत. झेपेल का?

बाग १०५ एकर आणि उताराची आहे, तेव्हा सगळं बघायचा हट्ट धरू नका. घराजवळचा सपाट भाग, कालव्याची कड आणि सॅलिसबरी लॉन आईंना सहज जमेल. व्हीलचेअर आधी कळवून मिळते. मुलांना फार्मयार्ड आवडतं, वसंतात कोकरं असतात. बागेत बसून डबा खाता येतो, तेव्हा धपाटे आणि दही नक्की न्या. एक चटईही लागेल, गवत ओलं असतं.

पूर्ण दिवस ठेवा. सकाळी घर, दुपारी बाग असं बहुतेक जण करतात. तुम्ही उलट करा: सकाळी बाग रिकामी असते.

असे ट्युलिप पुण्यात किंवा नाशिकमध्ये लावता येतील का?

एका हंगामापुरते, हो. ट्युलिपच्या कंदाला फुलायला साधारण १२ ते १४ आठवडे कडक थंडी लागते, नऊ अंशांच्या खाली. ती आपल्याकडे मिळत नाही. म्हणून शीतगृहात ठेवलेले कंद आणून डिसेंबर-जानेवारीत कुंडीत लावले तर फूल येतं, पण दुसऱ्या वर्षी तोच कंद फुलत नाही. इथेसुद्धा अनेक बागा ट्युलिपचे कंद दर शरद ऋतूत नव्याने लावतात. आज दिसणारं फूल कुणीतरी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चिखलात गुडघे टेकून लावलेलं असतं.

त्यापेक्षा आपल्या हवेतले कंद लावा असं मी आग्रहाने सांगेन. निशिगंध, भुईचाफा, कर्दळ आणि मे महिन्यात लालभडक चेंडूसारखी उमलणारी फुटबॉल लिली. तिला कुंडीत पडू दिलं तरी दरवर्षी वेळेवर येते.

आमच्या गावी जुना वाडा आहे. तिथल्या डागडुजीसाठी यातून काही घेता येईल का?

पैसा आणि प्रमाण यांची तुलना होणार नाही, पण तीन-चार गोष्टी कुठल्याही वाड्याला लागू आहेत. आधी पाणी अडवा: कौलं, पन्हळी, गच्चीचे उतार. भिंतीचा गिलावा नंतर. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि मग वीट-दगड आतून भुसभुशीत होतो. आपल्याकडे चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी घालून मळायची रीत होती आणि ती जाणणारे कारागीर अजून आहेत, त्यांना शोधा. नवा दगड किंवा लाकूड शक्यतो त्याच जातीचं घ्या. आणि काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीचे, तुळईचे, कोनाड्याचे फोटो काढून ठेवा. मोडल्यावर आठवणीतून काही नीट उभं राहत नाही.

डॅफोडिल संपल्यावरही गवत का कापत नाहीत? बाग अस्ताव्यस्त दिसते.

मुद्दाम ठेवतात. फूल गेल्यावर पान निदान सहा आठवडे उन्हात राहिलं तरच कंद पुढच्या वर्षाचं अन्न साठवतो. हिरवं पान कापलं की पुढच्या वसंतात फूल नाही. मेअखेर पानं पिवळी पडून आडवी झाली की मग कापणी होते.

पाऊस असेल तर बेत रद्द करायचा का?

नको. एप्रिलमध्ये एका दिवसात ऊन, सर, गारा सगळं होतं, दुपारचं तापमानही बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपास असतं. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट आणि जाड तळव्याचे बूट बरे. सर आली की घरात शिरा: पेंटेड हॉलचं छत, एका दारावर रंगवलेलं आणि हुबेहूब टांगल्यासारखं दिसणारं व्हायोलिन, इटालियन शिल्पकार कॅनोव्हाचे संगमरवरी पुतळे, यात दोन तास सहज जातात. सर थांबली की लगेच बागेत या.